कार्बन बदलला, फवारणी केली, तरी वास परत येतोय: बायोगॅस आणि आरएनजी प्लांटवरच्या दुर्गंधीचं मूळ शोधताना

बायोगॅस प्लांट असो की आरएनजीचा, म्हणजे बायोगॅस शुद्ध करून नैसर्गिक वायूच्या जागी देणारा, तक्रार साधारण अशी असते. जवळच्या वस्तीतून फोन येतो, फार वास येतोय. प्लांटवर धावपळ होते. हौद धुतला जातो, सुगंधी द्रव्य फवारलं जातं, कधी घाईत फिल्टरमधला कार्बन, म्हणजे वास शोषणारा कोळसा, बदलला जातो. आठ-पंधरा दिवस शांततेत जातात आणि पुन्हा फोन येतो. मधल्या काळात काहीच वेगळं केलं नाही असं ऑपरेटर शपथेवर सांगतो आणि बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. वास थांबला होता तो वारा फिरला म्हणून. उपायाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

मिथेनला वास नसतो, कार्बन डायऑक्साइडलाही नसतो. वास असतो तो त्यांच्यासोबत अत्यल्प प्रमाणात असलेल्या गंधकाच्या संयुगांना, सेंद्रिय आम्लांना आणि अमोनियाला. डायजेस्टर, म्हणजे माल कुजून गॅस होतो ती टाकी, स्वतः बंद भांडं आहे. म्हणून दुर्गंधी बहुधा सुटते ती त्याच्या आधी किंवा नंतर. माल (कुजवायचा सेंद्रिय कचरा) उतरतो तो हौद, स्लरी (पचून उरलेला पातळ गाळ) साठते ती टाकी, गॅस शुद्ध करताना वेगळं काढलेलं जिथे सोडलं जातं ती चिमणी, आणि चौथं ठिकाण म्हणजे वास मारण्यासाठी बसवलेली यंत्रणा. हे चौथं ठिकाण लोक सगळ्यात शेवटी तपासतात. माझ्या मते ते पहिल्या दोनांत असायला हवं.

काही विकत घेण्याआधी वही उघडा

निदान दोन-तीन आठवडे प्रत्येक तक्रारीची नोंद ठेवा: तारीख, वेळ, वास किती वेळ टिकला, कुठून तक्रार आली, तेव्हा वाऱ्याची दिशा आणि वेग काय होता, आणि सांगणाऱ्याने वासाचं वर्णन कोणत्या शब्दांत केलं. शेजारी प्लांटचं लॉगबुक ठेवा: कोणता माल कधी उतरला, स्लरी कधी ढवळली, टँकर कधी भरला, फ्लेअर (जास्तीचा गॅस जाळणारा बर्नर) कधी पेटला किंवा पेटला नाही, कोणता फिल्टर उघडला. दोन्ही वह्या समोरासमोर ठेवल्या की निम्म्या वेळा उत्तर तिथेच दिसतं.

वेळेवरून बरंच कळतं. तक्रारी संध्याकाळनंतर आणि पहाटे येत असतील तर त्या वेळी प्लांटवर काही वेगळं घडत असेलच असं नाही. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते, वर गरम हवेचं झाकण बसतं आणि वारा पडतो. दिवसभर जो वास वर जाऊन विरतो तोच रात्री जमिनीलगत पसरतो आणि उताराच्या दिशेने वाहतो. अशा वेळी गळती नवी नसते, चोवीस तास चालणारी असते. याउलट तक्रार भरदुपारी, वारा असताना, आणि थोडाच वेळ येत असेल तर ठरावीक कामाशी तिचा संबंध शोधा: टँकर रिकामा करणं, स्लरी ढवळणं, मॅनहोल उघडणं.

सीमेवर मीटर शून्य दाखवतोय, म्हणजे तक्रार खोटी, असा निष्कर्ष सर्रास काढला जातो. कमरेला लावायचा हायड्रोजन सल्फाइडचा (एचटूएस) मीटर जीव वाचवण्यासाठी असतो आणि तो पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं, मोजतो. माणसाचं नाक हा वायू त्याच्याही हजार पट खाली, काही पीपीबीला (अब्जात काही भाग) ओळखतं. मीटरवर शून्य असताना शेजाऱ्याला वास येणं पूर्णपणे शक्य आहे. सीमेवर मोजायचंच असेल तर पीपीबी पातळीचं उपकरण लागतं.

दुसरी बाजूही आहे. प्लांटवर काम करणाऱ्यांचं नाक त्या वासाला सरावतं. म्हणून वास हुंगण्याची फेरी शिफ्ट सुरू होण्याआधी, बाहेरून येणाऱ्या माणसाने, वाऱ्याच्या खालच्या बाजूने आत येत करावी. मात्र बंद जागेत, हौदात किंवा टाकीच्या तोंडाशी नाक कधीच मीटर म्हणून वापरायचं नाही. एचटूएस सुमारे १०० पीपीएमला पोहोचला की घ्राणशक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून धोका गेला असं वाटतं, आणि तेव्हाच तो सगळ्यात जवळ असतो.

वास कसला आहे ते आधी ठरवा

सडक्या अंड्यांचा वास म्हणजे एचटूएस. कच्चा गॅस कुठून तरी सुटतोय, साठलेली स्लरी ढवळली गेली आहे, किंवा शुद्धीकरणाच्या टोकाला काही बिघडलंय.

आंबट, खवट, ओकारीची आठवण करून देणारा वास ब्युटिरिक आणि त्याच्या जातीच्या आम्लांचा. तो बहुधा माल उतरवण्याच्या जागेचा असतो. पण तो स्लरीच्या टाकीवर येत असेल तर डायजेस्टरला झेपेल त्यापेक्षा जास्त माल दिला जातोय.

डोळ्यांत झोंबणारा अमोनिया सेपरेटर (स्लरीतलं घन आणि पाणी वेगळं करणारं यंत्र), ड्रायर आणि प्रथिनयुक्त माल चालणाऱ्या प्लांटवर भेटतो. सडलेल्या कोबीचा किंवा लसणासारखा वास मर्कॅप्टन आणि डायमिथाइल सल्फाइड, डायसल्फाइड या गंधकाच्या संयुगांचा. गोठ्यासारखा चिकट वास पॅराक्रेसॉल आणि स्कॅटोल यांचा.

इथे एक गफलत फार महागात पडते. प्लांटवर जो वास सगळ्यात तीव्र असतो तोच वस्तीपर्यंत पोहोचतो असं नाही. अमोनिया जाणवायला साधारण काही पीपीएम लागतात, त्यामुळे तो थोड्याच अंतरात पातळ होऊन नाकाच्या कक्षेबाहेर जातो. मर्कॅप्टन आणि क्रेसॉल पीपीबीच्या आसपास जाणवतात, ते हजारो पट पातळ होऊनही ओळखू येतात. प्लांटवर अमोनिया झोंबतो म्हणून त्याच्या स्क्रबरवर (हवा द्रवाने धुणारं यंत्र) पैसा ओतला जातो आणि शेजारी मात्र कोबी सडल्याचं सांगत राहतात. शेजाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहायला सांगितलं ते याचसाठी.

माल उतरवण्याची शेड

बहुतेक शेडमध्ये हवा खेचणारा ब्लोअर असतो, डक्ट असतो, पुढे बायोफिल्टर असतो, म्हणजे लाकडाच्या चिपांसारख्या माध्यमाचा थर, ज्यातले जिवाणू वास खातात. कागदावर शेड उणे दाबाखाली असते. प्रत्यक्षात शटर उघडं असतं. एक मोठं शटर उघडलं की ब्लोअर खेचत असलेली सगळी हवा तिथूनच येते आणि मागच्या कोपऱ्यातली, हौदावरची हवा जागच्या जागी राहते. वारा शटरमध्ये घुसत असेल तर ती दुसऱ्या बाजूच्या फटींतून बाहेर ढकललीही जाते.

तपासणी सोपी आहे. शटरच्या चौकटीला वर, मध्ये आणि खाली हलक्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या लावा किंवा स्मोक ट्यूब वापरा. धूर सगळीकडे आत जायला हवा. बऱ्याचदा खालच्या भागात तो आत जातो आणि वरच्या भागात बाहेर येतो, कारण आतली हवा गरम असते. मग पत्र्यांचे सांधे, भिंत आणि छप्पर यांच्यामधली फट, डक्ट भिंतीतून जातो तिथलं भोक, हे सगळं पाहा.

उपायांत सगळ्यात स्वस्त म्हणजे शिस्त: गाडी आत, शटर बंद, मग माल उतरवणं. जलद उघडझाप होणारं शटर किंवा एका वेळी एकच उघडणारी ओळीतली दोन शटरं हे त्याच्यापुढचे. शेडची सगळी हवा खेचण्यापेक्षा हौदावर झाकण बसवून झाकणाखालची हवा खेचणं मला नेहमी जास्त शहाणपणाचं वाटतं. हवा कमी, वास दाट, आणि पुढचा फिल्टर लहान चालतो. फक्त त्या बंदिस्त जागेत मिथेन आणि एचटूएस साठू शकतो, त्यामुळे विजेची उपकरणं आणि वायुवीजन त्या हिशोबाने हवं.

आणि माल. टँकरमध्ये किंवा हौदात दोन-तीन दिवस पडलेलं अन्न डायजेस्टरमध्ये जाण्याआधीच आंबलेलं असतं. जुना माल आधी हा नियम प्रत्येक प्लांटवर भिंतीवर लिहिलेला असतो, तरी हौदाच्या कोपऱ्यात जुना गाळ कायमचा बसलेला सापडतो. हौद पूर्ण रिकामा करून धुतल्याची तारीख विचारा. कोणालाच सांगता आली नाही तर तिथून सुरुवात करा.

बायोफिल्टर: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

चांगल्या बायोफिल्टरला ओल्या मातीचा, जंगलातल्या पालापाचोळ्याचा वास येतो. त्याला तेवढा वास असणारच. आंबट किंवा कुजका वास येत असेल तर तो फिल्टर राहिलेला नाही, वासाचा आणखी एक उगम झालाय.

आधी हिशोब करा. समजा तासाला १०,००० घनमीटर हवा येते आणि ती माध्यमात ४५ सेकंद राहायला हवी. त्यासाठी १२५ घनमीटर माध्यम लागतं. १.२ मीटर थर असेल तर क्षेत्रफळ साधारण १०४ चौरस मीटर. आता दोन-तीन वर्षांत लाकडाच्या चिपा कुजून थर ०.८ मीटरवर बसला, तर तीच हवा जेमतेम ३० सेकंद राहते. ब्लोअर तोच, हवा तीच, नळ चालू, पण फिल्टर एक तृतीयांश नाहीसा झालाय. शिवाय बसलेलं माध्यम दाटलेलं असतं, त्यामुळे हवा सगळीकडून न जाता जिथे वाट मिळेल तिथून जोराने निघते. थंड पहाटे फिल्टरवर उभे राहा. वाफ सगळीकडे सारखी निघतेय की दोन-चार ठिकाणी फवाऱ्यासारखी, ते डोळ्यांना दिसतं. भिंतीलगतच्या कडा खास पाहा, माध्यम आकसून तिथे फट पडते.

ओलावा ही दुसरी मोठी गोष्ट. वजनाच्या ४० ते ६० टक्के ओलावा लागतो. वरून पाणी शिंपडून वरचा थर ओला दिसतो, पण हवा खालून येते आणि खालचा थर सुकवत जाते. म्हणून आत येणारी हवाच आर्द्रतेने जवळजवळ संपृक्त असायला हवी. ह्युमिडिफायरचे नोझल चोंदलेले आहेत का पाहा. मूठभर माध्यम खालच्या थरातून खणून काढा. दाबल्यावर हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी निथळता कामा नये. येणारी हवा ४० अंशांच्या वर असेल तरी जिवाणू टिकत नाहीत.

तिसरं म्हणजे आम्ल. फिल्टरमध्ये एचटूएसचं सल्फ्युरिक आम्ल होतं, एक किलोमागे जवळजवळ २.९ किलो. माध्यमाचा पीएच हळूहळू घसरतो. गंधकावर जगणारे काही जिवाणू त्यात तग धरतात, पण बाकी सेंद्रिय वास खाणारे मरतात. म्हणूनच अंड्यांचा वास गेला पण कोबीचा राहिला अशी विचित्र स्थिती दिसते. अमोनिया जास्त असेल तर तो आधी आम्लाच्या स्क्रबरमध्ये काढायलाच हवा, माध्यमात तो जिवाणूंना विषारी ठरतो.

आणि सगळ्यांच्या नजरेतून सुटणारी गोष्ट: फिल्टरखालच्या पाण्याचा निचरा. त्या पाइपला पाण्याचा सील असतो. तो सुकला की फिल्टरखालची कच्ची हवा माध्यमातून जाण्याऐवजी सरळ ड्रेनमधून बाहेर पडते. नवीन माध्यम भरूनही वास कमी झाला नाही तर आधी हा सील पाहा.

स्क्रबर आणि कार्बन

स्क्रबरचा क्रम महत्त्वाचा. आधी आम्ल, तिथे अमोनिया अडतो. मग कास्टिक सोडा आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट), तिथे एचटूएस. पहिला टप्पा कमी पडला तर अमोनिया हायपोला भेटतो, क्लोरामाइन तयार होतं आणि पोहण्याच्या तलावासारखा वास सुटतो. तो आला की दोष पहिल्या टप्प्यात शोधा. दोन्ही टप्प्यांचं सांडपाणी एका खड्ड्यात सोडू नका. आम्ल आणि हायपो एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पीएचचे प्रोब नियमित कॅलिब्रेट केलेले नसतात, हे अर्ध्या स्क्रबरांचं दुखणं आहे. डायमिथाइल सल्फाइड पाण्यात फारसं विरघळत नाही, त्यामुळे साध्या धुण्याने ते जाणार नाही.

कार्बनचा ड्रम किती दिवस चालतो यापेक्षा किती किलो गंधक धरतो हे मोजा. दोन ड्रम ओळीने ठेवा आणि मधल्या ठिकाणी नमुना घ्या. पहिला फुटला, म्हणजे भरून वास पुढे सोडू लागला, की दुसरा अजून पकडत असतो, आणि तुम्हाला बदलायला वेळ मिळतो. वापरलेला कार्बन आणि एचटूएस पकडणारं लोखंडी माध्यम उघड्यावर काढताना ते हवेशी संयोग पावून तापतं, पेटूही शकतं. ते ओलं करून, बंद पिंपात, आणि वारा वस्तीकडे नसताना काढा. कार्बन बदलण्याच्या दिवशीच तक्रार येण्याचं हे साधं कारण.

स्लरीची टाकी आणि पीएचचा सापळा

नीट पचलेल्या स्लरीला डांबरासारखा, मातकट वास असतो आणि तो फार दूर जात नाही. ती आंबट किंवा कुजकी येत असेल तर टाकी झाकून उपयोग नाही, डायजेस्टर पाहा. आम्लं आणि अल्कलिनिटी (आम्ल पचवण्याची क्षमता) यांचं गुणोत्तर ०.३ ते ०.४ च्या आसपास असेल तर ठीक. ते सतत चढत असेल तर माल कमी करा. ताज्या स्लरीची बाटली अर्धी भरून, सैल फुगा लावून उबदार जागी ठेवा. दुसऱ्या दिवशी फुगा ताठ असेल तर अर्धवट पचलेला माल बाहेर पडतोय. एक तर डायजेस्टरमधला मुक्काम कमी पडतोय, किंवा तिथली ढवळणी बंद पडून माल आडवाटेने निघून जातोय.

टँकर भरताना पाइप वरून सोडण्याऐवजी तळाशी, पातळीखाली सोडा. स्लरी आपटली की तिच्यात विरघळलेलं सगळं बाहेर येतं. टाकी ढवळायचीच असेल तर दुपारी, वारा वाहत असताना ढवळा.

रसायन टाकून वास मारण्याआधी एवढं लक्षात ठेवा: पीएच ७ च्या खाली गेला की विरघळलेला गंधक एचटूएस होऊन सुटतो, पीएच ९ कडे गेला की अमोनिया सुटतो. चुना टाकला तर अंड्यांचा वास जाऊन अमोनियाचा लोट येतो. आम्लयुक्त माल गंधकयुक्त मालात ओतला तर जे होतं ते वासापुरतं राहत नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये जर्मनीतल्या ऱ्हाडेराइश्टेट इथल्या बायोगॅस प्लांटवर माल उतरवण्याच्या हौदातून सुटलेल्या एचटूएसने चार जणांचा जीव घेतला. हौदात नवीन प्रकारचा माल ओतण्याआधी बादलीभर नमुना, उघड्यावर, मीटर लावून मिसळून पाहण्याचा नियम कडक ठेवा.

गॅस लाइनवरच्या छोट्या जागा

जास्तीचा दाब सोडणारा प्रेशर रिलीफ वाल्व्ह वारंवार उघडत असेल तर ती दुर्गंधी आणि तोटा दोन्ही. फेस वर येऊन तो अडकतो, वॉटर सील उन्हाळ्यात सुकतो, थंडीत गोठतो. गॅसमधलं पाणी काढणारे कंडेन्सेटचे ट्रॅप सुकले की गॅस सरळ तिथून निघतो, आणि हे ट्रॅप जमिनीलगत, कोपऱ्यात असल्याने कोणी तिकडे फिरकत नाही. दुहेरी मेंब्रेनच्या छताखाली गळती आहे का हे शोधायला, दोन थरांमधून बाहेर येणाऱ्या हवेत मिथेन मोजा. फ्लेअरचा पायलट (पेटती ठेवलेली छोटी ज्योत) विझलेला असताना गॅस सोडला गेला का, हे कंट्रोलरच्या नोंदीत सापडतं.

आरएनजी प्लांटची वेगळी दुखणी

गॅस शुद्ध करताना काढलेला कार्बन डायऑक्साइड हवेत सोडला जातो, आणि त्याच्यासोबत न काढलेलं सगळं जातं. पाण्याने धुण्याच्या पद्धतीत हे ठळक दिसतं. एचटूएस पाण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त विरघळतो, आणि स्ट्रिपरमध्ये, म्हणजे ते पाणी पुन्हा मोकळं करण्याच्या भांड्यात, हवा फुंकली की तो जवळजवळ सगळा बाहेर येतो. तासाला १,००० घनमीटर गॅस आणि त्यात २,००० पीपीएम एचटूएस असेल, तर तासाला सुमारे ३ किलो. विक्रीच्या गॅसचा अहवाल उत्तम असतो आणि दुर्गंधी मात्र चिमणीतून वाहत असते. मेंब्रेन आणि पीएसए (दाब बदलून वायू वेगळे करणं) या पद्धतींमध्ये कार्बन आधी लावलेला असतो, पण तो फुटल्याचं आधी ऑफगॅसमध्ये, म्हणजे वेगळा काढून सोडलेल्या वायूत, कळू शकतं. नमुना तिथलाही घ्या.

सगळ्यात चांगला गंधक तो, जो गॅसमध्ये आलाच नाही. डायजेस्टरमध्ये लोहाचे क्षार टाकले की गंधक काळ्या लोह सल्फाइडच्या रूपात स्लरीत राहतो. एक किलो गंधकाला हिशोबाने १.७५ किलो लोह, प्रत्यक्षात बरंच जास्त लागतं. टाकीच्या वरच्या भागात थोडी हवा सोडण्याची स्वस्त पद्धत वीज बनवणाऱ्या प्लांटला चालते, पण आरएनजीत त्या हवेतला नायट्रोजन शेवटपर्यंत चिकटून राहतो आणि तो काढणं महाग. तिथे शुद्ध ऑक्सिजन, तोही काटेकोर नियंत्रणात, किंवा लोह.

आरएनजी लाइनमध्ये सोडताना त्याला मुद्दाम मर्कॅप्टन किंवा टेट्राहायड्रोथायोफिनचा वास दिला जातो. तो वास मिसळणाऱ्या यंत्रसंचावरचा (स्किड) एक थेंब सांडला तरी लांबून फोन येतात. असा फोन आला की आधी गॅस गळती समजूनच वागायचं, दुर्गंधीची तक्रार म्हणून वहीत नोंद नंतर.

फवारणीबद्दल

सुगंधी द्रव्याने मूळ वास कमी होत नाही, शेजाऱ्यांना दोन वास येतात. दोन-चार दिवसांच्या दुरुस्तीपुरतं ठीक. कायमची फवारणी चालू असलेल्या प्लांटवर मूळ कारण शोधायची निकड हळूहळू संपते.

दुरुस्ती झाली हे कशावरून

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही. नाकाला तीव्रता लॉगरिदमच्या मापाने जाणवते. निम्मा वायू काढला तरी शेजाऱ्याला जेमतेम फरक कळतो. म्हणून पन्नास टक्के सुधारणेवर समाधान मानू नका, नव्वदच्या पुढचं बघा. बायोफिल्टरचा पुरवठादार हमी देत असेल तर ती ईएन १३७२५ नुसार ओडर युनिटमध्ये लिहून घ्या, आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा दोन्हींची. त्या मानकात पॅनेलमधल्या निम्म्या लोकांना जेमतेम जाणवेल इतपत पातळ केलेली हवा म्हणजे एक युनिट. आणि तक्रारींची वही पुढचा थंडीचा हंगाम, म्हणजे वारा पडणाऱ्या रात्री, पूर्ण निघेपर्यंत बंद करू नका. जोराचा वारा असलेल्या महिन्यांत प्रत्येक उपाय यशस्वी दिसतो.